तीन महापूर आणि भिंतीवरची रेघ

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत महापुरावर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या भागात गणपती येतात तेच मुळी पाऊस ओसरत असताना. श्रावण सरतो, नद्या पात्रात परततात, नदीकाठच्या रानातला गाळ वाळू लागतो आणि मग बाप्पाचे आगमन होते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी निपाणी-चिकोडी भागातल्या कित्येक घरांत गणपती बसले, तेव्हा भिंतीवरची पुराची ओल अजून गेली नव्हती. सोळा वर्षांत तीन महापूर. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, "असा पूर आयुष्यात पाहिला नव्हता." प्रत्येक वेळी ते खरेही होते. आणि प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षांत बहुतेकांना त्याचा विसरही पडला.

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी सरकारी नोकरीत आलो. पूर आला की पंचनामे, याद्या, नकाशे यांच्याशी संबंध येतोच. पण हा लेख खात्याचा अहवाल नाही. आपल्या भागाच्या इतिहासात लढायांना, संस्थानांना, सीमाप्रश्नाला जागा मिळाली. नद्यांना मिळाली नाही. ती थोडी मिळावी, एवढाच हेतू आहे.

पाणी येते कुठून?

बेळगावात बसून आपण पावसाला 'आपला पाऊस' म्हणतो, पण पूर आणणारे पाणी बहुतेक वेळा आपल्या डोक्यावर पडलेले नसतेच. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून बेळगावला यावे, तर तो तेराशेच्या घरात येतो. पुढे अथणीकडे जावे, तर पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. दीड-दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात एवढा फरक! म्हणूनच अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो, तेव्हाच त्याच्या शेताशेजारून कृष्णा दुथडी भरून वाहत असते.

नेहमीच्या पावसाने पूर येतो, महापूर येत नाही. महापुराला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक म्हणजे पश्चिम किनाऱ्याला लागून, गुजरात-महाराष्ट्रापासून केरळपर्यंत तयार होणारा कमी दाबाचा पट्टा. दुसरी म्हणजे बंगालच्या उपसागरात उठून ओडिशाकडून मध्य भारतात शिरणारे कमी दाबाचे क्षेत्र. हे क्षेत्र दूरवरून अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांना खेचून घेते. ते आठवडाभर टिकले, तर घाटमाथ्यावरचा पाऊसही आठवडाभर थांबत नाही. म्हणजे वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आणि पाणी वेदगंगेला, असा हा लांबचा संबंध आहे.

पावसाळ्याबाहेरची वादळेही आपल्याला नवी नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये, थंडीच्या तोंडावर, 'फयान' चक्रीवादळ लक्षद्वीपकडून वर सरकत ११ तारखेला मुंबई-अलिबागच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. कोकणातल्या कित्येक मच्छीमारांना त्याने गिळले. मे २०२१ मधले 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. जगाच्या थंड भागांत अशी हिवाळी वादळे सखल भागात पूर आणतात आणि डोंगरावर बर्फ टाकतात. तो बर्फ एक प्रकारची ठेवच असते. पाणी डोंगरावर थांबते आणि उन्हाळ्यात हळूहळू उतरते. आपल्या सह्याद्रीला ही सोय नाही. इथे पडलेला थेंब त्याच दिवशी उताराला लागतो. आपला 'बर्फ' म्हणजे माणसाने बांधलेली धरणे. आणि धरण भरले की तेही पाणी थांबवू शकत नाही.

आता नद्या पाहू. वेदगंगेवर भुदरगड तालुक्यात पाटगावचे धरण आहे. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण आहे. सुमारे २५ टीएमसी क्षमतेच्या या प्रकल्पात कर्नाटकाचा ४ टीएमसीचा वाटा आहे. या दोन्ही नद्या महाराष्ट्रात उगम पावून निपाणी तालुक्यात शिरतात, एकत्र होतात आणि कल्लोळजवळ कृष्णेला मिळतात. त्या आधीच कृष्णेने नृसिंहवाडीला पंचगंगेला पोटात घेतलेले असते. तिकडे दक्षिणेला आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला जाते. मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते. बेळगावची मार्कंडेय नदी राकसकोपचा जलाशय भरून गोकाककडे निघते. मलप्रभा आणि मार्कंडेय सोडल्या, तर आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मोठ्या नद्यांचा जन्म सीमेपलीकडचा आहे. त्यांची माहेरे महाराष्ट्रात आणि सासरे कर्नाटकात, असे म्हटले तरी चालेल.

काळी, पांढरी आणि दक्षिणद्वार

आपल्या पूर्वजांना पूर माहीत नव्हता असे नाही. त्यांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग केले होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, नदीकडची, सखल. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, उंचावरची. नदीकाठच्या जुन्या गावांत आजही गावठाणाचा जुना भाग, म्हणजे वाडा, चावडी, मुख्य देऊळ, बहुधा उंचवट्यावर दिसेल. गाळाची जमीन हवी म्हणून पूर हवा, पण तो काळीतच राहावा, पांढरीत येऊ नये, असा तो व्यवहार होता.

पावसाचे वेळापत्रकही त्यांच्याकडे होते. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, त्यानंतर आश्लेषाचा आसळका. आपले तिन्ही महापूर पाहिले, तर २००५ आणि २०२१ चे म्हाताऱ्या पावसात सुरू झाले आणि २०१९ चा आसळक्यात शिगेला पोहोचला. म्हणजे २० जुलै ते १५ ऑगस्ट हा काळ नदीकाठच्या माणसाने डोळे उघडे ठेवण्याचा, हे आजीला ठाऊक होते.

पुराला घाबरायचे, पण त्याचा मानही ठेवायचा, याचे सुंदर उदाहरण म्हणजे नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा. कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढत मंदिरात उत्तरेकडून शिरते, श्रींच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला बेळगाव-निपाणीकडून किती तरी कुटुंबे आजही जातात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवली जाते. देवसुद्धा पुरात जागा बदलतो. हटून बसत नाही. यातला बोध आपण मात्र घेतलेला नाही.

नंतरच्या काळात नद्यांवर कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे. या बंधाऱ्यांवरूनच रस्ते झाले आणि नदीपल्याडची गावे जोडली गेली. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, ममदापूर-हुन्नरगी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर ही नावे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'पाण्याखाली गेले' या एकाच बातमीत येतात. त्यातला मलिकवाड-दत्तवाड पूल तर दोन राज्यांना जोडतो. एका टोकाला कर्नाटक, दुसऱ्या टोकाला शिरोळ तालुका. हा पूल बुडाला की मलिकवाडच्या मुलीचे माहेर आणि सासर यांच्यात दहा-बारा मिनिटांची वाट उरत नाही. लांबचा वळसा उरतो, आणि तोही बंद झाला की फक्त फोन.

२००५ : पहिला धडा

२६ जुलै २००५ म्हटले की सगळ्यांना मुंबई आठवते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो हा दिवस. पण त्याच पावसाने सह्याद्रीच्या अलीकडेही हाहाकार केला होता. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम चढल्या. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरतात. त्या वर्षी पाणी पन्नासच्या घरात गेले. सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका मानतात. तिथे ते ५३ फुटांच्या वर गेले. १९२९ सालचा हा पूल म्हणजे सांगलीकरांचे पूर मोजण्याचे मापच आहे.

त्या वेळी गावागावांत मोबाइल नव्हते. वर्तमानपत्रे पोहोचत नव्हती. वरून किती पाणी सोडले, हे खालच्या गावाला पाणी अंगणात आल्यावरच कळायचे. नदीकाठच्या गावांनी जनावरे सोडून दिली, धान्य माळ्यावर टाकले आणि शाळा-मंदिरांत मुक्काम केला. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती बसल्या. हे नेहमी लक्षात ठेवण्यासारखे आहे : मातीचे घर पुरात उभे दिसते, ते पडते पाणी उतरल्यावर, भिंत आतून भिजून जड झाल्यावर. त्यामुळे पूर ओसरला म्हणून घाईने घरात परतणे हे पुराइतकेच धोक्याचे असते.

२०१९ : तहानेकडून महापुराकडे

२०१९ ची गोष्ट उन्हाळ्यापासून सांगायला हवी. त्या मे महिन्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते. अथणी, कुडची, उगार भागातले लोक 'कोयनेतून पाणी सोडा' म्हणून मागणी करत होते. तेच लोक ऑगस्टमध्ये 'आता पाणी सोडू नका' म्हणत होते. मधे गेले होते जेमतेम दोन-अडीच महिने.

जुलैच्या अखेरीस घाटमाथ्यावर पाऊस धरला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ओडिशाकडून आत शिरले आणि पाऊस हटेना. धरणे आधीच भरत आली होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर चढले. आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेले, म्हणजे धोका पातळीच्या वर पुरुषभर उंचीची दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहावीत एवढे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचे प्राण गेले. आपल्या भागातल्या कित्येक घरांचे नातेवाईक त्या पट्ट्यात आहेत. ती बातमी ऐकल्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंचे फोन एकदमच वाजू लागले होते.

इकडे वेदगंगा यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आली. तिकडे पंचगंगा शिरोलीजवळ महामार्गावर होतीच. हजारो मालट्रक जागच्या जागी थांबले. निपाणी या नावाचा लोक 'पाणी नसलेले गाव' असा अर्थ लावतात. शहराची तहान जवाहर तलाव आणि वेदगंगा मिळून भागवतात, आणि नदी शहरापासून लांब आहे. तरी त्या आठवड्यात हे 'निपाणी' पाण्यानेच अडवून ठेवले. कोल्हापूरकडून येणारे दूध, भाजी, औषधे बंद झाली. अडकलेल्या ट्रकचालकांना कुणी जेवण दिले, कुणी अंघोळीची सोय केली. ते चालक तमिळनाडूचे होते, राजस्थानचे होते, पंजाबचे होते. भाषा कोणतीही असो, भाकरी सगळ्यांना कळते.

बेळगाव जिल्ह्याचा दुसरा भागही सुटला नाही. घटप्रभेचे पाणी गोकाक शहरात शिरले. मलप्रभेचे पाणी नविलुतीर्थ धरणातून सुटल्यावर रामदुर्ग आणि पुढे पट्टदकलपर्यंत पोहोचले. बेळगावजवळ मार्कंडेयकाठची भातशेती पाण्याखाली गेली आणि बळ्ळारी नाल्याने शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात तेच केले. बेळगावच्या बासमतीची ही शिवारे. नाला साफ झाला असता, रुंद राहिला असता, तर हे पाणी लवकर ओसरले असते, ही त्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

अलमट्टी धरणातून त्या दिवसांत ५ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागले. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला १ कोटी ४० लाख लिटर पाणी. आकडा वाचताना डोळ्यासमोर काही येत नाही. पण दहा हजार लिटरचे चौदाशे टँकर एका सेकंदात रिकामे होतात असे समजा, म्हणजे अंदाज येईल.

पाणी ओसरल्यावर खरे नुकसान दिसले. ऊस उभा होता, पण मेला होता. उसाचा पोंगा पाण्याच्या वर राहिला तर पीक तगते. पोंग्यात गाळ बसला आणि पाणी काही दिवस राहिले की तो कुजतो. बाहेरून हिरवा दिसणारा फड आतून संपलेला असतो. पंचनाम्याला गेल्यावर शेतकरी शेंडा मोडून आतला काळा पोंगा दाखवत. काही बोलत नसत. घरांसाठी कर्नाटक सरकारने ए, बी, सी असे नुकसानीचे वर्ग केले आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये जाहीर केले. ती मदत मोठी होती. पण घर कोणाच्या नावावर आहे, वाटणी झाली आहे का, उतारा कुठे आहे, या प्रश्नांत कित्येक कुटुंबे अडकली. आजोबांच्या नावाचे घर, तीन भाऊ, चौथा पुण्यात, असे चित्र घरोघर होते. महापुराने आपल्या कागदांचीही परीक्षा घेतली.

२ सप्टेंबर २०१९ ला गणेश चतुर्थी होती. कोल्हापूरच्या शाहूपुरीतील कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प इथे मूर्तिकारांच्या घरांत पाणी शिरून कितीतरी मूर्ती भिजून गेल्या होत्या. वर्षाची कमाई त्या मूर्तींत होती. त्या वर्षी अनेक मंडळांनी देखावे रद्द केले, वाजंत्री कमी केली आणि वर्गणीतली रक्कम पूरग्रस्तांना दिली. आपल्या उत्सवाच्या इतिहासात हे वर्ष साधेपणाने साजरे झालेले, पण मोठे वर्ष म्हणून नोंदले जायला हवे.

२०२१ : दोन वर्षांत पुन्हा

'शंभर वर्षांतून एकदा' असे ज्याला म्हटले, ते दोन वर्षांत परत आले. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. चिपळूण बुडाले, महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. दूधसागर-सोनावळे भागात दरडीमुळे रेल्वे घसरली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेले, म्हणजे २०१९ पेक्षाही वर. सांगलीत ते ५४ फुटांच्या वर थांबले. यमगर्णीला महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला.

या वेळी एक फरक होता. २०१९ ची आठवण ताजी असल्याने लोक लवकर बाहेर पडले. जनावरे आधी हलवली गेली, धान्याची पोती वरच्या मजल्यावर गेली, म्हातारी माणसे पाहुण्यांकडे पोहोचवली गेली. पाणी जास्त असूनही अनेक गावांत धावपळ कमी झाली. यावरून एकच गोष्ट सिद्ध होते : पुरापासून वाचवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे आठवण.

आणि आठवण गेली की काय होते, याचे उदाहरणही जवळच आहे. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला उंचावर जागा मिळाली. पण शेती, गोठा, देव, शेजार सगळे खाली. म्हणून बरीच कुटुंबे जुन्या गावातच राहिली. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्येही तीच गावे पुन्हा बातमीत होती. त्यांना हसण्याचे कारण नाही. गोठा खाली आणि घर वर, अशी रोजची दोन वेळची धार कोण काढणार? पुनर्वसन म्हणजे नुसता प्लॉट नव्हे, हे त्यातून समजते.

पाण्याची वाटणी आणि पुराची वाटणी

पूर आला की दोन्ही राज्यांत एकच नाव घेतले जाते : अलमट्टी. सांगलीकरांना वाटते, खाली पाणी अडवल्यामुळे आपल्याकडे फुगवटा येतो. बागलकोट-विजयपूरच्या लोकांना वाटते, वरच्यांनी एकदम पाणी सोडल्यामुळे आपण बुडतो. मधे आपण, चिकोडी-निपाणी-रायबागची माणसे. आपल्याला दोन्ही ऐकावे लागते.

कागदावरची स्थिती अशी आहे. अलमट्टीची सध्याची पातळी ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ नंतर महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र सांगली-कोल्हापूरच्या महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली, पूरक्षेत्रातली बांधकामे यांकडे तिने बोट दाखवले. हा वाद इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट लक्षात येते : लवादांनी पाण्याची वाटणी केली, टीएमसीच्या हिशेबाने कोणाला किती ते ठरवले. पुराची वाटणी कोणी केली नाही. टंचाईचे पाणी सगळ्यांना हवे असते, पुराचे कोणालाच नको असते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. त्यावर आपल्या भागात जे झाले, ते आपण सगळे जाणतो. पण नदीच्या बाबतीत या रेषेने एक वेगळीच अडचण केली. पाटगाव आणि काळम्मावाडीच्या विसर्गाची नोंद एका राज्याकडे, खालच्या पुलावरचा बॅरिकेड दुसऱ्या राज्याकडे. राजापूर बंधारा हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा. तिथल्या आकड्यावर कर्नाटकातल्या तहसीलदाराची रात्र ठरते. २०१९ नंतर दोन्ही बाजूंचे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांशी जास्त बोलू लागले, ही समाधानाची गोष्ट. ते बोलणे माणसांच्या ओळखीवर अवलंबून न राहता कायमचे व्हायला हवे.

आणि सगळाच दोष पावसाला देता येणार नाही. पूररेषेच्या आत घरे, गोदामे, मंगल कार्यालये आली. नाले अरुंद झाले. रस्त्यांचे भराव उंच झाले आणि त्यांनी पाण्याच्या वाटा अडवल्या. यमगर्णी-मांगूर फाटा भागात भरावाऐवजी खांबांवरचा पूल व्हावा, अशी शेतकऱ्यांची मागणी आहे ती याच अनुभवातून. पाणी वाट शोधते. ती मिळाली नाही की आपल्या दारातून काढते. पूर्वजांनी जी काळी पाण्यासाठी सोडली होती, तिच्यात आपण पांढरी वसवली.

आपण काय करू शकतो?

धरणांचे दरवाजे आपल्या हातात नाहीत. पण काही गोष्टी आहेत, आणि त्यांना फारसा खर्चही नाही.

पहिली गोष्ट, भिंतीवरची रेघ. नदीकाठच्या प्रत्येक गावात शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर २००५, २०१९, २०२१ या वर्षी पाणी कुठवर आले होते, ती खूण ऑइलपेंटने ठळक रंगवावी. सोबत तारीख लिहावी. मराठीत लिहावी आणि कन्नडमध्येही लिहावी, कारण आपले कन्नड शेजारी ज्याला 'नेरे' म्हणतात तो आणि आपला महापूर एकच असतो. आज ज्यांनी पाणी पाहिले ती माणसे खूण दाखवू शकतात. आणखी वीस वर्षांनी प्लॉट घ्यायला येणाऱ्या तरुणाला ती रेघच सांगेल की इथे पाणी डोक्याच्या वर होते. एजंट सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, घरातल्या ज्येष्ठांकडून लिहून घेणे. तुमच्या आजोबांनी, मोठ्या काकांनी पाहिलेला पूर कोणत्या साली, कोणत्या तिथीला, कोणत्या पायरीपर्यंत होता? नागपंचमीच्या आधी की नंतर? कोणाचे घर पडले, बैल कोठे बांधले, होडी कोणाची होती? सरकारी दप्तरात फुटांचे आकडे मिळतात, पण गल्लीतले पाणी मिळत नाही. ते या माणसांच्याच डोक्यात आहे, आणि दरवर्षी त्यांतली काही माणसे आपल्यातून जात आहेत.

तिसरी गोष्ट, कागद. घराचा उतारा, वारसनोंद, आधार, बँकेचे पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर ठेवावे आणि वारसनोंदी वेळेवर करून घ्याव्यात. २०१९ मध्ये ज्यांचे कागद नीट होते, त्यांना मदत आधी मिळाली, हे मी जवळून पाहिले आहे.

चौथी गोष्ट मंडळांसाठी. जुलैच्या मध्यावर आपण उत्सवाच्या बैठका घेतोच. त्याच बैठकीत कार्यकर्त्यांची एक यादी करावी : कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाला पोहता येते, कोणाचे घर उंचावर आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस किंवा बाळंतीण आहे. वर्गणीची पावती फाडायला आपण दारोदार जातोच; तेव्हा ही माहितीही मिळते. लोकमान्यांनी हा उत्सव घरातून चौकात आणला तो माणसे एकत्र यावीत म्हणून. २०१९ मध्ये ती एकत्र आली होतीच. फक्त ती पाणी आल्यावर आली; पुढच्या वेळी पाणी येण्याआधी यावीत.

येत्या वर्षी विसर्जनाला नदीवर जाल, तेव्हा घाटाच्या पायऱ्या मोजा. त्यातली कोणती पायरी कोणत्या साली बुडाली होती, हे सोबतच्या मुलांना सांगा. आपल्या भागाचा एवढा इतिहास त्यांना यायलाच हवा.